‘आ, आ’चं बटण

बांग पिलसुनच्या मोबाईलच्या काचेवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. तो तिनं स्वतःच्या हातानं लावला होता, आणि त्याच ठिपक्यापायी तिची अब्रू वेशीला टांगली गेली होती.

पिलसुन ही सोलगोल गावची सरपंच. वय अडुसष्ट, अंगानं काटक, जीभ तिखट. डोंगराच्या कुशीत एक्केचाळीस घरं, खाली ओढा, वर केशरी पर्सिमन फळांच्या बागा, आणि गावातला सगळ्यात तरुण माणूस सत्तावन्न वर्षांचा. असल्या गावाचा कारभार चालतो तो आवाजावर. लस टोचणारी गाडी आली, नळाचं पाणी दुपारी जाणार, अमक्याच्या घरी साठीचं जेवण आहे, जे काय असेल ते सरपंचानं सभागृहात जाऊन भोंग्यावरून सांगायचं. सभागृहाच्या छपरावर दोन भोंगे, आत टेबलावर एक जुनं यंत्र, आणि यंत्राला एकच खटका. वर केला की चालू, खाली केला की बंद. आधी माईकवर दोनदा फुंकर मारायची, मग म्हणायचं, "आ, आ. ऐकू येतंय का?" आणि मग बातमी. चाळीस वर्षांत पाच सरपंच झाले, पण हे "आ, आ" कुणी सोडलं नाही. ते कानावर पडलं की माणसं तोंडातला घास चावायची थांबत.

मग तालुका कचेरीनं गाव ‘स्मार्ट’ करायला घेतलं. भोंग्यांच्या तारा काढल्या, यंत्रावर कापड टाकून ते भंगारासाठी कोपऱ्यात सरकवलं, घरोघर एकेक पांढरी डबी बसवली आणि सरपंचाच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप घातलं. "आता शेतातून सुद्धा बोलता येईल," कचेरीतले म्यंग साहेब म्हणाले. खोटं कशाला बोला, पहिले तीन आठवडे पिलसुनला ते अ‍ॅप आवडलं होतं. खाली मधोमध एक लाल गोल बटण. दाबून धरा, बोला, बोट उचला, संपलं.

चौथ्या आठवड्यात बटण हललं.

सकाळी उठून बघते तर ते उजवीकडे गेलेलं आणि हिरवं झालेलं. वर एक ओळ: ‘आता अधिक सोपं, अधिक सुंदर!’ तिनं नवी जागा पाठ केली. दोन महिन्यांनी बटणावरची अक्षरं गेली आणि कागदी विमानाचं चित्र आलं. पिलसुनला वाटलं, यातून आता विमानाची तिकिटंही मिळतात. मग विमान गेलं आणि तीन आडव्या रेघा आल्या. त्या दाबल्या की आतून एक यादी निघायची, आणि त्या यादीत ‘बोला’ सोडून बाकी सगळं असायचं. दर वेळी वर तीच ओळ, अधिक सोपं, अधिक सुंदर. त्यातून तिची बोटं. पन्नास वर्षं विळा नि मिरच्या हाताळून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या, काचेला तिचं बोट हे बोट वाटायचंच नाही.

"कुणाच्या घरात महिन्या-महिन्याला चूल उचलून दुसरीकडं ठेवतात का?" ती करवादायची. "आणि वर म्हणायचं, बघा, किती सोपं झालं!"

म्हणून तिनं ठिपका लावला. बटण सापडलं त्याच जागी, थेट काचेवर, सुनेची विसरून राहिलेली नेलपॉलिश. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी अ‍ॅप पुन्हा बदललं. बटण जागेवरच राहिलं, पण त्याचा स्वभाव बदलला. आता एकदा दाबलं की ते चालूच राहायचं, बोट उचललं तरी. पिलसुननं पाणी जाणार असल्याचं सांगितलं, बोट उचललं, मोबाईल एप्रनच्या खिशात टाकला आणि शेजारी गोकसंगवालीकडे लसूण सोलायला जाऊन बसली.

गोकसंगवाली म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, वय शहाऐंशी. तिचं खरं नाव कुणाला आठवत नाही. गोकसंग हे तिचं माहेर, म्हणून लग्न होऊन आल्यापासून ती गोकसंगवाली.

"काय गं, दालसू हल्ली फार तरणा दिसतो," म्हातारी म्हणाली.

"दिसेल नाही तर काय! डोक्यावरचे केस बाजारातून आणलेत त्यानं. परवा वारा सुटला तेव्हा एका हातानं सायकल नि दुसऱ्या हातानं डोकं धरून चालला होता."

एक्केचाळीस डब्यांमधून एक्केचाळीस घरांनी हे ऐकलं. त्यातलं एक घर चोन दालसूचं होतं. दालसू हा सोळा वर्षं सरपंच होता आणि पिलसुनकडून तीन मतांनी हरला होता. हरला, पण बोलायचा तरी. त्या दिवसापासून त्यानं सभागृहाची पायरी चढायची सोडली. समोरून पिलसुन आली की तो ओढ्याकडे तोंड फिरवायचा, आणि गाव मात्र दोघांकडे बघून गालातल्या गालात हसायचं.

हे सगळं पिलसुननं पचवलं असतं. पण जुलैतली ती दुपार तिला पचली नाही.

डोंगरावर ढग फुटला होता. पिलसुन वर बागेत होती, तिथून तिला ओढा फुगताना दिसला. तिनं मोबाईल काढला. अ‍ॅप त्याच सकाळी बदललेलं. आधी ‘नवीन काय आहे?’ म्हणून पाच चित्रं आली, एकेकाखाली ‘पुढे’. मग अटी मान्य आहेत का. मग पासवर्ड. ओल्या बोटाला काच दाद देईना. अकरा मिनिटं ती चिखलात उभी राहून त्या काचेला शिव्या देत होती. शेवटी मोबाईल खिशात कोंबून ती धावत सुटली. खाली पोचली तेव्हा गोकसंगवाली आपल्या ओसरीवर गुडघाभर पाण्यात, मिरचीच्या वाटणाची बरणी कवटाळून बसली होती. पिलसुननं तिला पाठंगुळीला मारलं आणि बाहेर काढलं.

"एरवी एवढी ओरडतेस," म्हातारी तिच्या कानाशी म्हणाली, "आज का गं नाही ओरडलीस? मी वाट बघत होते."

ते वाक्य पिलसुनच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं बाजारगावचा वायरमन बोलावला, कोपऱ्यातलं यंत्र पुसून टेबलावर ठेवलं आणि भोंग्यांच्या तारा परत जोडून घेतल्या.

कचेरीला वास लागायला महिना लागला. म्यंग साहेब आले, भोंग्यांकडे बघून त्यांनी मान हलवली.

"सरपंचबाई, दोन-दोन व्यवस्था नियमात बसत नाहीत. अ‍ॅप वापरा. सवय होईल."

"सवय करून घ्यायला मी तयार आहे हो साहेब. पण तेच एका जागी थांबत नाही."

"ऑक्टोबरअखेर हे यंत्र उचलावं लागेल."

"उचला की," पिलसुन म्हणाली. "पण आधी परीक्षा घ्या. वणव्याचा सराव तुम्हाला घ्यायचाच आहे ना? तुमच्या डबीच्या हाकेला गाव गोळा झालं, तर मी स्वतः हे यंत्र उचलून तुमच्या गाडीत ठेवते. नाही झालं, तर मला माझ्या भोंग्यावरून एकदा हाक मारू द्या. तिला गाव आलं, तर यंत्र इथंच राहील. कागदावर, शिक्क्यानिशी."

म्यंग साहेबांनी हसून मान डोलावली. त्यांना निकालाची खात्रीच होती. अट एकच, दिवस गावाला आधी सांगायचा नाही.

पिलसुननं तो शब्द पाळला. तोंडाला कुलूप लावणं तिला किती जड गेलं हे तिचं तिलाच ठाऊक. रोज सकाळी खटक्यावरची धूळ पुसताना तिच्या मनात एकच यायचं: त्या केसांच्या प्रकरणानंतर माझ्या हाकेला कोण येणार? आणि नाही आलं, तर पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा चिखलात काच घासत उभी राहणार.

तो दिवस उजाडला तो ऐन पर्सिमन सोलायच्या हंगामात. गावभर माणसं ओसरीवर बसून फळं सोलत होती, दोऱ्यात ओवून वाळायला वाशाला टांगत होती. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिकट. सकाळी दहाला सभागृहाच्या अंगणात कचेरीची गाडी येऊन थांबली. म्यंग साहेबांबरोबर कंपनीची एक बाई होती, दो हेरीन, पस्तिशीची, पांढरे स्वच्छ बूट घातलेली. अ‍ॅपचे पडदे हीच रंगवते, असं साहेबांनी सांगितलं. पिलसुननं तिला नखशिखांत न्याहाळलं. म्हणजे माझं बटण पळवणारी चोर ती हीच!

"आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," हेरीन लाघवी आवाजात म्हणाली.

"मी तुला कधी जन्म दिला गं?"

हेरीन गोरीमोरी झाली. "सॉरी, सरपंचबाई. कालच नवीन अपडेट आलंय. आता ते—"

"अधिक सोपं, अधिक सुंदर."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाठ आहे मला."

हेरीननं आपल्या मोबाईलवर मजकूर लिहिला आणि बोट सरकवलं. त्याबरोबर गावातल्या एक्केचाळीस डब्यांमधून एक गोड, राजधानीच्या वळणाचा बायकी आवाज बोलला, "ग्रामस्थहो, नमस्कार. वणव्याचा धोका आहे. कृपया तातडीनं सभागृहात जमावं." असं तीनदा. म्यंग साहेबांनी घड्याळ लावलं. मुदत दहा मिनिटांची.

एक मिनिट गेलं, दोन गेली. पिवळं कुत्रं आलं, गाडीच्या चाकापाशी तंगडी वर करून गेलं. सहाव्या मिनिटाला खालच्या आळीतला एकजण आला, मासेवाल्याचा टेम्पो आलाय का विचारून परत गेला. आजूबाजूच्या ओसऱ्यांवरून फळं सोलल्याचा खर्र-खर्र आवाज तेवढा येत होता. दहा मिनिटं संपली.

"पण पोचलंय सगळ्यांना!" हेरीननं मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक्केचाळीस हिरव्या खुणा होत्या. "हे बघा, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस."

"पोचलं असेल बाई," पिलसुन म्हणाली. "आलं कोण?"

म्यंग साहेबांनी खाकरून घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. "आता तुमची पाळी. मजकूर तोच हवा. वणवा, सभागृह, तातडीनं. जास्त काही नाही."

पिलसुन आत गेली, टेबलापाशी बसली. तिनं माईक जवळ ओढला. मग अंगठ्यानं खटका वर केला. अंगठा न बघता तिथं गेला, चाळीस वर्षं जागा तीच होती.

"फू. फू." छपरावरचे भोंगे खरखरले. "आ, आ. ऐकू येतंय का?"

बाहेरची खर्र-खर्र थांबली.

"मंडळी, मी सरपंच बोलतेय. वणव्याचा धोका आहे. तातडीनं सभागृहात या."

ती अंगणात येऊन उभी राहिली तोवर वरच्या वाटेवर पळणारी पावलं वाजायला लागली होती. आणि सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन, अर्धं पाणी पायजम्यावर सांडत, धापा टाकत कोण आला, तर चोन दालसू. डोक्यावर एक केस नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ते टक्कल लख्ख चकाकत होतं.

"कुठंय आग?" तो ओरडला. "पिलसुन, कुठं लागलीये?"

"सराव आहे, दालसूदादा," पिलसुन म्हणाली.

दालसूचा हात डोक्याकडे गेला. मागून येणारं गाव थबकलं. कुणी हसलं नाही. त्यानं हात परत खाली आणला आणि बादल्या जमिनीवर ठेवल्या.

"केस घालायला थांबलो असतो तर उशीर झाला असता," तो गुरगुरला. "जुलैत झाला तेवढा उशीर पुरे झाला."

पिलसुननं आपल्या डोक्यावरची उन्हाची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "माझी जीभ झडो," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोर माफी मागते."

"टोपी बायकी आहे," दालसू म्हणाला. पण काढली नाही.

माणसं येतच होती. कुणाच्या हातात सोलणी, कुणाच्या गळ्यात अर्धी ओवलेली माळ, एकीच्या डोक्याला केस रंगवायचा लेप. शेवटी ढकलगाडीच्या आधारानं, इंचाइंचानं, गोकसंगवाली आली, आणि गाडीत मिरचीच्या वाटणाची बरणी होती. म्यंग साहेबांनी घड्याळ बंद केलं. सहा मिनिटं आणि काही सेकंद. गावात त्या दिवशी असलेली त्रेपन्न माणसं अंगणात उभी होती, एकही कमी नाही.

हेरीन मात्र हिरव्या खुणा बघत तशीच उभी होती. ती गोकसंगवालीपुढे वाकली. "आजी, आधी ती बाई बोलली ना डबीतून? तुम्ही ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं की. चांगली तीनदा बोलली. मी तिला म्हटलं, नको बाई, आमचा विमा काढलेला आहे."

अंगणात खसखस पिकली.

"पण ती खरंच धोक्याचं सांगत होती, आजी."

"असेल. पण ती कुठं ‘आ, आ’ म्हणाली?" म्हातारीनं विचारलं. "आपलं माणूस बोलायच्या आधी विचारतं, ऐकू येतंय का म्हणून. न विचारता बोलत सुटतात ते काहीतरी विकायला आलेले असतात."

हेरीननं वही काढली आणि ते लिहून घेतलं. ते बघून पिलसुनचा राग थोडा उतरला, पण सगळा नाही. वर्षभराचं साठलं होतं, ते आता तिला बोलायचंच होतं.

"इकडं ये, पोरी." तिनं हेरीनला हाताला धरून आत नेलं आणि यंत्रापुढे उभं केलं. "डोळे मीट. तुझ्या घरी दिव्याचं बटण कुठंय?"

"दाराच्या डाव्या हाताला."

"हात कर बघू."

हेरीनचा हात आपसूक डावीकडे वर गेला.

"आता समज, मी रोज तुझ्या घरी येऊन ते हलवलं. आज पलंगाखाली, उद्या कपाटात. वर त्याच्यावर फुलांचं चित्र काढलं. आणि नेमका घरात साप निघाला. मग काय करशील? सुंदर दिसतंय म्हणून टाळ्या वाजवशील?" पिलसुनचा आवाज चढला. "ती बाई गुडघाभर पाण्यात माझी वाट बघत बसली होती, आणि तुझी पाच चित्रं मला ‘पुढे, पुढे’ म्हणत होती! तुझे रंग बदल, रेघा बदल, मला काही देणंघेणं नाही. पण ज्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ते बटण हलवायचं नाही."

हेरीननं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "आम्हाला कुणी हे सांगितलंच नाही," ती म्हणाली. "आम्ही ऑफिसात बसून ठरवतो. कोरड्या बोटांनी."

म्यंग साहेबांनी कागद काढला. भोंगे आणि यंत्र कायम राहतील असं लिहिलं, खाली शिक्का मारला. ते शिक्का मारत असताना दालसू म्हणाला, "साहेब, नीट दाबा. पुसट उठला तर आमची सरपंच परत सराव घ्यायला लावेल." निवडणूक हरल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिला ‘आमची सरपंच’ म्हटलं होतं. पिलसुननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पर्सिमनचं ताट फिरवायला घेतलं.

डिसेंबरात हेरीन पुन्हा आली, या वेळी चिखलातून चालायचे बूट घालून. तिनं अ‍ॅप उघडून पिलसुनच्या हातात दिलं. ना चित्रं, ना अटी, ना पासवर्ड. खाली मधोमध जुनं लाल गोल बटण, पूर्वीपेक्षा तिप्पट मोठं, आणि त्यावर दोनच अक्षरं: ‘आ, आ’. दाबून धरलं की डब्याही बोलणार आणि छपरावरचे भोंगेही. बोट उचललं की बंद.

"ओल्या बोटानंही चालतं," हेरीन म्हणाली. "मी पाण्यात बुडवून बघितलंय."

पिलसुननं अंगठ्याला थुंकी लावून खात्री करून घेतली. "आणि हे हलणार नाही?"

"कधीच नाही, सरपंचबाई."

"लिहून दे."

हेरीननं लिहून दिलं. तो कागद फ्रेम करून सभागृहात, म्यंग साहेबांच्या शिक्क्याच्या कागदाशेजारी लागला. तालुक्यातल्या बाकी सगळ्या गावांच्या अ‍ॅपमध्येही तेच बटण आलं, आणि कुठले कुठले सरपंच पिलसुनला फोन करून विचारायला लागले, बाई, आधी फुंकर मारायची की आधी ‘आ, आ’? "फुंकर," ती ठणकावून सांगायची. तिनं काचेवरचा ठिपका नखानं खरवडून काढला.

एप्रिलच्या एका सकाळी ती वर बागेत खत घालत होती. डोंगराआडून काळे ढग चढताना दिसले, आणि ओढ्याकाठी गोकसंगवालीच्या अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या दिसल्या. तिनं मोबाईल काढला. सगळं बदललेलं! रंग निळा झालेला, अक्षरं गोल झालेली, यादी डावीकडून उजवीकडे गेलेली. वर ओळ होती, अधिक सोपं, अधिक सुंदर.

मग तिनं डोळे मिटले आणि खतानं बरबटलेला अंगठा खाली मधोमध दाबला.

"फू. फू. आ, आ. ऐकू येतंय का?"

खालून, सभागृहाच्या छपरावरून, तिचाच आवाज अख्ख्या दरीत घुमून तिच्याकडे परत आला. ओढ्याकाठच्या अंगणात एक वाकलेली आकृती ढकलगाडी घेऊन मिरच्यांकडे निघाली. आणि वरच्या आळीतून, टोपी हवेत हलवत, उघड्या टकलानं दालसू ओरडला:

"येतंय गं, येतंय! पुढं बोल!"